गट ग्रामपंचायत : अनेक गावे, एक कारभार



ऊस नोंदीसाठी आम्ही कार्यक्षेत्रात फिरतो तेव्हा बेणे आणि खताच्या बरोबरीने एक विषय हमखास निघतो, तो ग्रामपंचायतीचा. विशेषतः वाडीवर किंवा तांड्यावर गेलं की शेतकरी विचारतात, "साहेब, आमची वाडी मोठ्या गावाला जोडलेली. आमच्या पांदणीवर मुरूम कधी पडायचा?" काही ठिकाणी तर वेगळी ग्रामपंचायत मागण्यासाठी सह्या गोळा करणं चालू आहे. हा विषय आमच्या खात्याचा नाही असं कोणी म्हणेल. पण पांदण चिखलात असली की टोळी त्या शेतात उतरत नाही, ट्रॉली फसते आणि तोड लांबते. म्हणून गट ग्रामपंचायत म्हणजे काय, ती कशी चालते आणि ती मोडावी की राखावी, याचा विचार या वेळी करू.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. गावचा कारभार पाटील-पटवाऱ्याच्या हाती होता आणि ती पदे घराण्यात चालत. लोकांनी निवडून दिलेली पंचायत आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजली ती त्यानंतर. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आपल्याला लागू झाला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुका पातळीवरच्या समितीला महत्त्व दिलं होतं. महाराष्ट्रात मात्र वसंतराव नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक धरला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. आपण तेव्हा परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. आज हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आणि तितक्याच पंचायत समित्या आहेत.

कायद्यात 'गाव' म्हणजे एकच महसुली गाव असलं पाहिजे असं नाही. अनेक गावं मिळूनही एक पंचायत होऊ शकते. लहान गावाला स्वतःचं कार्यालय, शिपाई, नळयोजना झेपत नाही, म्हणून दोन-चार गावं एकत्र करायची, हा मूळ हेतू. हेतू चांगलाच आहे. अडचण मतांच्या हिशेबात येते.

समजा, मोठ्या गावात १,८०० मतं आणि वाडीत ३००. पंचायतीचे सदस्य सात ते सतरा. वाडीच्या वाट्याला एखादा सदस्य येतो, नाहीतर वाडी दुसऱ्याच वॉर्डात मिसळली जाते. सरपंच सदस्यांतून निवडला जायचा तेव्हा त्या एका सदस्यालाही किंमत असायची. बहुमताला एक मत कमी पडलं की त्याला बोलावणं येई आणि त्या निमित्ताने वाडीचं एखादं काम मार्गी लागे. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते रद्द झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा आलं. थेट निवडणुकीचे फायदे आहेतच, सदस्यांची पळवापळवी कमी होते. पण गटातल्या लहान वाडीची ताकद त्यात घटली, हे आमचं स्पष्ट मत आहे. ग्रामसभेचंही तसंच. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल ती लागते. मोठ्या गावच्या पारावर तेवढी माणसं सहज जमतात. वाडीवरचं कोणी आलं नाही तरी सभा कायदेशीर ठरते.

आता जरा लांबचं सांगतो. सहकाराच्या प्रशिक्षणात रायफायझेन हे नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. खेड्यातल्या पतपेढीचा हा जनक. पण हा गृहस्थ पेशाने कोण होता हे सहसा कोणी सांगत नाही. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ, गरीब मुलुख होता. फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन १८४५ मध्ये तिथल्या वायरबुश या गावी प्रमुख कारभारी म्हणून आला, वय अवघं सव्वीस. त्याच्या हाताखाली एक नव्हे, बावीस गावं होती. पुढे १८४८ मध्ये फ्लामर्सफेल्डला गेला, तिथे तेहतीस. म्हणजे आपल्या भाषेत तो गट ग्रामपंचायतीचा कारभारीच.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. सरकारी धान्य आलं, पण रोख पैसे मोजणाऱ्यालाच द्यायचं असा हुकूम होता. रायफायझेनने गावोगावच्या ऐपतदारांना एकत्र केलं, पैसा उभा केला, गरिबांना पीठ उधारीवर दिलं, भट्टी बांधून स्वस्त भाकरी पुरवली. फ्लामर्सफेल्डला १८४९ मध्ये साठ ऐपतदारांनी एकमेकांची हमी घेऊन संस्था काढली आणि सावकाराच्या तावडीतल्या शेतकऱ्यांना हप्त्याने जनावरं घेऊन दिली. शिवाय त्याने डोंगरातून ऱ्हाईनकडे जाणारा रस्ता करून घेतला, माल बाजारात जावा म्हणून. रस्त्याचं दुखणं तिथेही होतंच! हेडेसडॉर्फला १८६४ मध्ये त्याने कर्ज देणारी पतसंस्था काढली. त्याच धर्तीचा विचार मद्रासच्या निकल्सनने आपल्या अहवालात मांडला, १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि त्या वाटेवर पुढे प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला.

तिथल्या त्या गावगटांचं पुढे काय झालं, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचं. १९२७ मध्ये त्यांचं नाव बदललं आणि १९६८ पासून ऱ्हाईनलांड-फाल्झ प्रांतात त्यांना 'फेरबांड्सगेमाइंडे', म्हणजे गावांचा जोडसंघ, असं रूप आलं. वायरबुश आणि फ्लामर्सफेल्ड आज एकाच जोडसंघात आहेत. १ जानेवारी २०२० ला दोन संघ मिळून तो झाला आणि त्यात साठाहून अधिक गावं आहेत. पण त्यातलं एकही गाव आपली ओळख हरवून बसलेलं नाही. प्रत्येक गावाची स्वतःची निवडलेली पंचायत, स्वतःचा अंदाजपत्रकाचा कागद, आणि मानधनावर काम करणारा गावप्रमुख आहे. गावचे रस्ते, सभागृह, दफनभूमी हे गाव पाहतं. पाणीपुरवठा, सांडपाणी, प्राथमिक शाळा, अग्निशमन ही कामं संघाकडे, कारण ती एकट्याला झेपत नाहीत. हिशेबनिसांचं कार्यालयही सर्वांचं मिळून एक. संघाचा खर्च गावांनी आपापल्या कर-ऐपतीप्रमाणे वर्गणी देऊन भागवायचा.

हा ऐपतीचा मुद्दा साखर कारखान्याच्या सभासदाला चटकन कळेल. कारखाना ज्या पंचायतीच्या हद्दीत असतो तिला कर किंवा त्याऐवजी ठोक रक्कम मिळते. उसाच्या गाड्यांनी रस्ता मात्र पन्नास गावांचा खचतो. जर्मनीतही कारखान्याचा कर त्याच्या गावालाच मिळतो, पण संघाची वर्गणी कर-ऐपतीवर असल्याने त्यातला भाग आपोआप बाकीच्या गावांच्या कामी येतो. आपल्याकडे असा दुवा नाही.

आपल्याकडे अनेक गावांना जोडणारी जागा म्हणजे पंचायत समिती. पण ती निधीच्या बाबतीत अशक्तच राहिली. १४ व्या वित्त आयोगाने तिला काहीच दिलं नव्हतं. १५ व्याने २०२०-२१ पासून थोडा वाटा दिला, राज्यात ग्रामपंचायतीला शेकडा ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १०. त्यातच मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या मंडळींची मुदत संपून प्रशासक बसला. दोन पंचायतींच्या शिवेवरचा रस्ता कोणी करायचा हे जिथे बोलायचं, तिथे आपला बोलणारा माणूसच राहिला नाही.

आता सह्या करणाऱ्यांनी काय पाहावं? विभाजनाचा निर्णय शासन घेतं, जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीचा आणि संबंधित पंचायतीचा सल्ला घेऊन. वेगळं झाल्यावर मालमत्तेबरोबर देणीही वाटून येतात, थकलेलं वीजबिल धरून. आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर येतो, म्हणजे लहान पंचायतीला लहान रक्कम. ग्रामपंचायत अधिकारी बहुधा दोन-तीन पंचायतींत वाटलेला, तो तुम्हाला आठवड्यातून किती वार मिळेल? नळाची टाकी मोठ्या गावात आणि पाइप वाडीत असेल तर पाणीपट्टी कोणाला भरायची? ज्या वाडीची घरपट्टी वसूल होते, विहीर स्वतःची आहे आणि माणसं एकविचाराची आहेत, तिने खुशाल वेगळं व्हावं. बाकीच्यांनी आधी आहे त्या गटातच हक्क मागावा, असं आम्हाला वाटतं.

त्यासाठी तीन गोष्टी धराव्यात. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात, त्या आळीपाळीने वाडीवरही भरवण्याचा लेखी आग्रह धरावा. पंचायतीचा विकास आराखडा बनतो तेव्हा वाडीची कामं नावानिशी आणि रकमेसह त्यात लिहून घ्यावीत, नुसतं 'रस्ते दुरुस्ती' एवढ्यावर समाधान मानू नये. आणि पांदण दोन पंचायतींतून जात असेल तर दोन्ही ग्रामसभांचे ठराव एकाच मजकुराचे करून घ्यावेत, सोबत रस्त्यावरच्या शेतकऱ्यांची गट नंबरवार यादी जोडावी. ही यादी करताना आमच्या शेती विभागाकडील ऊस नोंदीची मदत होईल. आपल्या गट कार्यालयातील स्लिपबॉयला सांगावे, तो नोंदवहीतून नावे व क्षेत्र उतरवून देईल. काम गाळप सुरू होण्याआधी उरकायचं असेल तर ठराव उन्हाळ्यातच व्हायला हवेत.