पिसं झडली, जंत आठवले!



स्मरणिकेसाठी लेख द्या म्हटल्यावर सॉफ्टवेअरवाल्याने काय लिहावं? कॉम्प्युटरवर लिहिलं तर कोणी वाचणार नाही, आणि कविता मला जमत नाही. म्हणून गेल्या तीन वर्षांत जे शिकलो तेच लिहितोय. विषय आहे कोंबड्या! हसू नका. आपल्यापैकी बरेच जण गावाकडच्या बायकांना, बचत गटांना पाच-दहा कोंबड्या घेऊन देण्यासाठी पैसे पाठवतात. त्यांच्यासाठी तरी हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती.

आम्ही राहतो अल अमेरातला. वादी अदैचा रस्ता संपला की डोंगरांच्या कुशीत पसरलेलं आपलं गाव. बाहेरच्यांना ते २०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या मॅचेसमुळे माहीत झालं. घराच्या मागे भिंतीलगत थोडी मोकळी जागा आहे. घरमालक स्वतः शेळ्या-कोंबड्या पाळणारे, त्यामुळे त्यांनी आनंदाने परवानगी दिली आणि वर सहा तलंगा भेट दिल्या. मुलीला अंडी गोळा करायचं वेड लागलं. पहिलं वर्ष झकास गेलं.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एकदम सगळं बिनसलं. अंडी बंद. तुरे फिकट आणि सुकलेले. कोंबड्या कोपऱ्यात गप्प बसून. खुराड्यात तर कोणीतरी उशी फाडल्यासारखी पिसंच पिसं! उचलून पाहिलं तर छातीचं हाड हाताला टोचत होतं. मी एका ओळखीच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "जंत झालेत, औषध पाजा. आत्ता अंडी नाहीत ना, मग हीच वेळ!"

तर्क मला पटला. गुरांसाठीचं फेनबेंडाझोल आणलं आणि प्रत्येकीला एक-एक मिली, असं तीन दिवस पाजलं.

चूक कुठे झाली?

महिन्याभरात नवी पिसं आली. चौघींची छान आली. दोघींची पंखातली पिसं मात्र वाकडी, मधे पातळ, टोकाला नुसती काडी. मग मी डॉक्टरांकडे गेलो, म्हणजे जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. डॉक्टर सुदानचे, शांत स्वभावाचे. त्यांनी तीन प्रश्न विचारले. विष्ठा तपासली होती का? कोंबड्यांचं वजन केलं होतं का? बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलं का? तिन्हींचं उत्तर एकच. नाही.

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की आधी लॉग वाचतात, मग रीस्टार्ट करतात. आधी रीस्टार्ट केलात तर बिघाड कशाने झाला याचा पुरावाच जातो. मी नेमकं तेच केलं होतं. औषध दिल्यावर विष्ठा तपासून आधी जंत होते की नाही हे कळणार कसं? आणि ती वाकडी पिसं तशीच राहिली. पूर्ण वाढलेलं पीस म्हणजे आपल्या नखासारखं मृत, ते दुरुस्त होत नाही. पुढच्या वर्षी गळेल तेव्हाच जातं. वर्षभर त्या दोघी माझी चूक अंगावर घेऊन फिरत होत्या.

पिसं गळणं हा रोग नाही

माझी आजी भोर तालुक्यातली. तिच्याकडे नेहमी दहा-बारा कोंबड्या असायच्या. ती म्हणायची, "कोंबडी कात टाकतीया, तिला छेडू नगा." आजी शाळेत गेली नव्हती, पण निदान बरोबर होतं.

दिवस लहान होऊ लागला की कोंबडीच्या शरीराला इशारा मिळतो आणि जुनी पिसं गळू लागतात. मस्कतला जूनमध्ये दिवस साधारण साडेतेरा तासांचा, डिसेंबरमध्ये पावणेअकराचा. मुंबईला हा फरक थोडा कमी, सव्वातेरा आणि अकरा. म्हणून इथे बहुतेक कोंबड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिसं टाकतात. गळती डोक्या-मानेपासून सुरू होते, मग छाती आणि अंग, मग पंख आणि शेवटी शेपूट. सगळं उरकायला दोन ते तीन महिने लागतात. या काळात अंडी थांबतात, तुरा आकसतो, कोंबडी अंगाला हात लावू देत नाही.

हात का लावू देत नाही? नव्या पिसाचा कोंब म्हणजे रक्ताने भरलेली कोवळी नळी असते. ती दाबली तर दुखतं, मोडली तर रक्त येतं. म्हणून या दिवसांत कोंबडी उगाच धरू नये. धरायचीच तर अंधार पडल्यावर, टॉवेलात अलगद.

पिसाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग प्रथिनाचा असतो. अंगावरचं सगळं पांघरूण नव्याने विणायचं, तेही घरच्याच सुतातून! त्यामुळे कोंबडी थोडी रोडावते. म्हणजे अंडी बंद, वजन कमी, तुरा फिकट, सुस्ती... ही पिसं गळण्याची लक्षणं आणि हीच जंतांचीही. गोंधळ होतो तो इथेच.

मग जंत ओळखायचे कसे?

कोंबडीच्या पोटात मुख्यतः चार प्रकारचे जंत सापडतात.

१) मोठे गोल जंत: लहान आतड्यात राहतात, पांढरे, ५ ते १२ सेंटीमीटर लांब. हे सर्वात जास्त आढळतात.

२) आंधळ्या आतड्यातले छोटे जंत: कोंबडीला फारसा त्रास देत नाहीत, पण टर्कीला मारणारा एक रोग पसरवतात.

३) केसासारखे बारीक जंत: डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण फार नुकसान करतात.

४) चपटे जंत: यांचे तुकडे विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे दिसतात. मुंग्या आणि भुंगेरे खाल्ल्याने होतात.

खात्रीचा उपाय एकच, विष्ठेची तपासणी. सगळ्यांची ताजी विष्ठा थोडी-थोडी एका स्वच्छ डबीत घ्यायची आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे द्यायची. ते ती मिठाच्या दाट पाण्यात ढवळतात. जंतांची अंडी हलकी असल्याने वर तरंगतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. इतकी साधी ही तपासणी आहे!

पिसं गळण्याच्या पलीकडे काही दिसलं तर मात्र थांबू नये. सतत पातळ विष्ठा, विष्ठेत जंत, भरपूर खाऊनही वजन घसरत राहणं, तीन महिने उलटूनही पिसं न येणं, ही जंतांची शंका घेण्याजोगी लक्षणं. आणि विष्ठेत रक्त दिसलं तर ती बहुधा रक्ती हगवण असते. तो जंतांचा आजार नाहीच, जंतनाशकाने बरा होत नाही. एकाएकी दोन-चार कोंबड्या दगावल्या तर मानमोडी किंवा बर्ड फ्लूची शक्यता धरून लगेच डॉक्टरांना कळवावं.

औषध आणि पिसं यांचं वैर काय?

फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल या गटातली औषधं जंताच्या पेशींचा आतला सांगाडा बनू देत नाहीत. त्या सांगाड्याशिवाय पेशीचं विभाजन होत नाही. नेमक्या मात्रेत याचा फटका मुख्यतः जंतालाच बसतो. मात्रा फार वाढली तर पक्ष्याच्या ज्या पेशी झपाट्याने वाढत असतात त्यांनाही झळ लागते. पक्ष्याच्या अंगात झपाट्याने वाढणाऱ्या पेशी कुठे? अस्थिमज्जेत, आतड्याच्या अस्तरात आणि नव्या पिसांच्या मुळाशी! कबुतरं, पारवे, गिधाडं यांच्यात या औषधांनी पिसं बिघडल्याच्या, इतकंच काय पक्षी दगावल्याच्याही नोंदी आहेत. कोंबडी त्यामानाने काटक. पण म्हणून हिशोब सोडून चालत नाही.

हिशोबच मांडू. कोंबड्यांसाठी बनवलेल्या फेनबेंडाझोलची मंजूर मात्रा आहे एक किलो वजनाला रोज १ मिलिग्रॅम, सलग ५ दिवस. माझ्या सहा कोंबड्या, प्रत्येकी दीड किलो, एकूण ९ किलो. म्हणजे सगळ्यांना मिळून दिवसाला ९ मिलिग्रॅम. मी आणलेल्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम होते. दीड मिलिग्रॅमच्या जागी मी एकेकीला १०० मिलिग्रॅम पाजत होतो. साठ पटीहून जास्त!

कोंबड्यांचं खास औषध एका मिलीत २०० मिलिग्रॅम असं येतं. ते हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी असतं. त्यातून ९ मिलिग्रॅम काढायचे म्हणजे ०.०४५ मिली, एका थेंबाएवढंसुद्धा नाही. ते घरी मोजणं अशक्यच. म्हणून डॉक्टरांकडून पातळ करून, मोजून घ्यावं. अंदाजपंचे चमच्याने देऊ नये.

मग पिसं गळताना औषध द्यायचं की नाही?

माझ्या मित्राचा तर्क सगळा चुकीचा नव्हता. अंडी बंद असताना औषध दिलं तर अंडी फेकावी लागत नाहीत. अंड्यातला बलक सात ते दहा दिवस भरत असतो, त्यामुळे औषधाचा अंश बरेच दिवस उतरू शकतो. शिवाय पोटात खरोखर भरपूर जंत असतील, तर पिसांना लागणाऱ्या पोषणातच ते वाटेकरी होतात. अशा वेळी थांबणं हेच नुकसान. म्हणून डॉक्टरांनी मला जो क्रम शिकवला तो असा:

- तपासणीत अंडी नाहीत किंवा अगदी थोडी: औषध नको. पिसं पूर्ण येऊ द्या, मग पुन्हा तपासा.

- अंडी भरपूर आणि कोंबडी खंगलेली: पिसं गळत असली तरी औषध द्या, पण वजन करून आणि डॉक्टरांच्या मात्रेतच. फक्त मोठे गोल जंत असतील तर पायपराझिनसारखं औषधही चालतं. ते जंताला लुळं करून बाहेर टाकतं, पेशींच्या वाढीत ढवळाढवळ करत नाही. मात्र इतर जंतांवर त्याचा उपयोग नाही.

- चपटे जंत: त्यांना वेगळं औषध लागतं, नेहमीच्या मात्रेला ते दाद देत नाहीत.

- औषधानंतर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. अंडी तशीच दिसली तर औषध लागू पडलेलं नाही. अमेरिकेत टर्कींमध्ये फेनबेंडाझोलला न जुमानणारे गोल जंत सापडले आहेत, त्यामुळे दर महिन्याला 'सवयीने' औषध पाजणं धोक्याचं.

- अंडी पुन्हा सुरू झाल्यावर ती किती दिवस खायची नाहीत, हे त्या-त्या औषधाच्या लेबलवर पाहावं. लसूण, कडुनिंब, भोपळ्याच्या बिया खुशाल खाऊ घाला, पण त्यांना औषध समजू नका.

औषधापेक्षा मोठं काम

पहिलं, खाणं. पिसांना गंधकयुक्त प्रथिनं लागतात. आपल्या डाळी-कडधान्यांत नेमकी तीच कमी, मासळीत भरपूर. इथे ओमानमध्ये सुकवलेली तारली जनावरांना घालतात, आपल्याकडे कोकणात सुकट आहेच. बिनमिठाची, थोडीशी, नेहमीच्या खाद्याबरोबर. उकडलेलं अंडंही चालतं.

दुसरं, जागा. गोल जंताची अंडी विष्ठेतून पडल्यावर ओलाव्यात दोन-तीन आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात. पोटात गेल्यावर आणखी पाच ते आठ आठवड्यांनी नवा जंत अंडी घालू लागतो. हे चक्र ओलाव्यावर चालतं. बाजारातल्या साध्या जंतुनाशकांना ही अंडी भीक घालत नाहीत, पण कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो. अमेरातमध्ये उन्हाची काय कमतरता! पण आमचं पाण्याचं भांडं नेहमी एकाच जागी, खजुराच्या आळ्याशेजारी सावलीत, आणि आजूबाजूला कायम चिखल. आता भांडं विटांवर ठेवतो, दर दोन दिवसांनी जागा बदलतो, खालचं तूस आठवड्याला काढून उन्हात टाकतो.

एक प्रश्न सगळे विचारतात: हे जंत माणसाला होतात का? कोंबडीचे गोल जंत माणसात वाढत नाहीत. हात मात्र साबणाने धुवायचेच, कारण विष्ठेत इतर रोगजंतू असतात.

जाता जाता

गेल्या ऑक्टोबरात पुन्हा पिसं गळली. या वेळी मी औषधाच्या दुकानाऐवजी डबी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत तुरळक अंडी निघाली. औषध दिलं नाही. तारली दिली, चिखल काढला, वाट पाहिली. जानेवारीत त्या दोघींची वाकडी पिसं गळून नवी सरळ आली, आणि मुलीने पहिलं अंडं ओंजळीत धरून घरात आणलं.

आता थोडं मंडळाच्या निधीबद्दल. गावातल्या बाईसाठी दहा कोंबड्या म्हणजे शाळेची फी, एस.टी.चा पास, दवाखान्याचं तिकीट असतं. माझ्या आईच्या परीक्षेची फी आजीने अंडी विकूनच भरली होती. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, शिरवळलाही एक आहे, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. ज्ञान आहे, ते खुराड्यापर्यंत पोचत नाही एवढंच. तेव्हा कोंबड्या घेऊन द्याल तेव्हा एक छोटा वजनकाटा, वर्षातून दोन तपासण्यांचा खर्च आणि मराठीत छापलेलं एक पानही द्या. त्या पानावर पहिलं वाक्य माझ्या आजीचं असू दे: कोंबडी कात टाकतीया, तिला छेडू नगा. आणि दुसरं डॉक्टरांचं: आधी तपासा, मग पाजा.