आवाजाची वाट

मुलांनो, गणेश चतुर्थीचा दिवस आहे. सभागृह भरले आहे. तुमची आजी पहिल्या रांगेत बसली आहे. तुम्ही माईकपुढे उभे राहून गाणे सुरू करता. पण आवाज मोठा होतच नाही! स्पीकरमधून नुसता ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. कोणी म्हणते, “माईक बिघडला.” कोणी म्हणते, “स्पीकर गेला.” पण पुष्कळदा माईकही चांगला असतो आणि स्पीकरही. दोष असतो तो केबलमध्ये.

तुमचा आवाज स्पीकरपर्यंत कसा जातो, ते पाहू या. गाण्याच्या कार्यक्रमातील बऱ्याच माईकमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याला बारीक तारेचे वेटोळे जोडलेले असते. जवळच लोहचुंबक असतो. तुम्ही गाता तेव्हा पडदा थरथरतो, वेटोळे हलते आणि तारेत वीज निर्माण होते. ही वीज अगदी थोडी, एका व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते. ती केबलमधून अॅम्प्लिफायरकडे जाते. अॅम्प्लिफायर तिला जोरदार करतो आणि स्पीकरकडे पाठवतो. स्पीकरचा पडदा थरथरतो आणि तुमचे गाणे सर्वांना ऐकू येते.

माईकच्या केबलमध्ये आतल्या तारेभोवती तांब्याची जाळी असते. शेजारच्या विजेच्या तारांचा त्रास ही जाळी बाहेरच अडवते. जाळी तुटली की ‘हूंऽऽ’ सुरू होते. स्पीकरच्या केबलमध्ये मात्र दोन जाड तारा असतात. तेथे वीज जोरदार असते, म्हणून जाळीची गरज पडत नाही. म्हणूनच एकीच्या जागी दुसरी केबल लावू नये.

जोडताना खुणा नीट पाहा. ‘आउट’ म्हणजे आवाज बाहेर येण्याची जागा आणि ‘इन’ म्हणजे आत जाण्याची. एका यंत्राचे ‘आउट’ दुसऱ्याच्या ‘इन’ला जोडावे. काही केबलांच्या टोकांना रंग असतात. लाल रंग उजव्या बाजूच्या आवाजाचा, पांढरा डाव्या बाजूचा आणि पिवळा चित्राचा.

हे नियम लक्षात ठेवा :

१. आधी सर्व यंत्रे बंद करा, मगच केबल जोडा.
२. आवाज कमी ठेवा. अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करा आणि सर्वांत आधी बंद करा.
३. केबल काढताना प्लग धरा. तार ओढू नका. आतली तार तुटते.
४. केबल भिंतीच्या कडेने न्या, म्हणजे कोणी अडखळणार नाही.
५. मॉरिशसमध्ये भिंतीवरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज असते. ती जीव घेऊ शकते. तेथील प्लग मोठ्यांनाच लावू द्या. ओल्या हाताने कशालाही शिवू नका.

आता सांगा, ‘हूंऽऽ’ आवाज आला तर काय कराल? घाबरू नका. मोठ्यांना सांगून अॅम्प्लिफायर बंद करा. फक्त माईकची केबल बदला आणि पुन्हा ऐकून पाहा. आवाज स्वच्छ आला, तर दोष जुन्या केबलमध्येच होता! एका वेळी एकच वस्तू बदलली, की चूक कोठे आहे ते कळते.

मग गा मोकळ्या आवाजात. आजी ऐकते आहे.

स्वाध्याय

१. माईकच्या केबलमध्ये जाळी का असते?
२. अॅम्प्लिफायर कोणते काम करतो?
३. केबल काढताना काय धरावे? का?
४. माईक, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचे चित्र काढा. आवाजाची वाट बाणांनी दाखवा.