‘सक्तीची नाही’ म्हणून राहिलेली तपासणी

आमच्या मुलीच्या थायरॉईडचा पत्ता लागला तेव्हा तिला तिसरा महिना लागला होता. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या चार थेंबांत तो लागला असता. आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

मी सांगत होते. कावीळ उतरत नाही, पिता पिता झोपते, शी होत नाही, रडली तर आवाज घोगरा. बाळंतपण केलेले डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "पहिलटकरीण आहात, घाबरता. कोवळ्या उन्हात धरा." शिरवळला शेजारच्या काकूंना तर कौतुकच, "किती गुणाचं बाळ, त्रास म्हणून नाही!"

शेवटी पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी बाहेर डोकावणारी जीभ पाहिली, फुगलेली बेंबी पाहिली आणि एवढंच विचारलं, "जन्मल्यावर टीएसएच केली होती?" मी फाइल पुढे केली. त्यांनी पानं उलटली, फाइल मिटली आणि रक्त घ्यायला सांगितलं. रिपोर्टात आकड्याआधी 'पेक्षा जास्त'ची खूण होती. मशीनची मोजायची हद्दच संपली होती.

जाब विचारायला गेलो तर उत्तर तयार, "सक्तीची नाही हो ती टेस्ट. मागितली असती तर केली असती." बिलात 'बेबी किट' मात्र न मागता लावलं होतं: साबण, पावडर, टोपी.

सक्तीची नाही, हेच तर दुखणं. कायद्यात पुढाकार घेणं महाराष्ट्राला नवं नाही: गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ साली आला. गोव्याने २००८ साली राज्यभर नवजात तपासणी सुरू करून दाखवली. आयसीएमआरच्या पाहणीत साधारण अकराशे बाळांमागे एकाला हा आजार आढळला. औषध काय, तर थायरॉक्सिनची स्वस्त गोळी. मग आपलं घोडं अडलंय कुठे?

कायदा होईल तेव्हा होवो, तोवर एवढं करा:

तपासणी जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत करून घ्या. त्याआधी घरी सोडलं तर तिसऱ्या दिवशी परत जा. "काही असेल तर फोन करू" यावर विसंबू नका, रिपोर्ट हातात घ्या. टीएसएच वाढलेलं निघालं तर शिरेतल्या रक्ताची तपासणी लगेच. गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी. उशीर होतो तो मेंदूच्या वाढीला भोवतो. आमची चालते, बोलणं मात्र मागे आहे.

कावीळ दोन आठवड्यांपुढे रेंगाळली तर उन्हावर सोडू नका. गोळी चमचाभर आईच्या दुधात चुरून द्या. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध तिच्यासोबत नको. डोस मनाने बंद करू नका. कागदपत्रं जपा, शंका वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आणि तपासणीला टाळाटाळ झाली तर नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की सुई लगेच सापडते.