आधी पाय, मग झेप : गोलीसाठी कानमंत्र

पोरी, आता तू क्लबकडून खेळणार, पगार घेऊन गोलात उभी राहणार. तेव्हा चार गोष्टी सांगून ठेवतो. त्या माझ्या एकट्याच्या नाहीत. काही शाहू स्टेडियमवर जुन्या गोलींनी मला सांगितल्या, काही जगातल्या मोठ्या मॅचेस पुन्हा पुन्हा बघून पटल्या.

प्रेक्षकाला भारी सेव्ह म्हणजे झेप वाटते. हवेत आडवं झालेलं अंग, बोटांच्या टोकाला लागलेला बॉल, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पण झेप हा सेव्हचा शेवटचा तुकडा आहे. झेपेच्या आधी पायांनी काय केलं आणि झेपेनंतर बॉल कुठं गेला, यावर सेव्हची किंमत ठरते. पुढं जे सांगतोय ते सगळं यातूनच येतं.

किक बसायच्या आधी थांब

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. ताशी १०० किलोमीटर वेगाचा फटका ११ मीटरवरून आला तर साधारण ०.४ सेकंदात लाइनवर पोचतो. त्यातले ०.२ सेकंद डोळ्यांनी बघून अंग हलेपर्यंतच संपतात. उरलेल्या वेळात एक पाऊल आणि एक झेप, यापलीकडं काही होत नाही. त्या क्षणी तू पळत असलीस तर एक पाय हवेत असणार, आणि हवेतल्या पायानं जमीन ढकलता येत नाही.

म्हणून समोरची पाय मागं नेते आहे असं दिसलं की छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर ये. गुडघे थोडे वाकलेले, वजन चवड्यांवर, हात अंगाच्या पुढं. आपल्या तालमीतला पैलवान पवित्रा घेतल्याशिवाय डाव टाकत नाही, तसंच हे. जागा दोन पावलं चुकलेली असली तरी चालेल, पण थांब. बरोबर जागेकडं पळत असलेल्या गोलीपेक्षा थोड्या चुकीच्या जागी नीट उभा असलेला गोली जास्त बॉल अडवतो.

मैदान ओळखून उतर

७ जून १९७० ची ब्राझील-इंग्लंड मॅच सगळे सांगतात, मीही सांगणार. मेक्सिकोतलं ग्वादलाहारा, भर दुपारची वेळ. ब्राझीलच्या जैरझिन्योनं उजव्या बाजूनं गोललाइनजवळून क्रॉस मारला. इंग्लंडचा गोली गॉर्डन बँक्स तेव्हा त्याच्या डाव्या पोस्टपाशी होता, आणि तिथं असणं बरोबरच होतं. बॉल पलीकडच्या पोस्टकडं गेला. पेले उंच उडाला आणि हेडर वर न मारता खाली, जमिनीकडं मारला. बँक्स गोल ओलांडून आला, उजवीकडं झेपावला आणि टप्पा पडून वर येणाऱ्या बॉलला उजव्या हातानं उचलून बारवरून बाहेर घालवलं.

लोक झेप बघतात. तू दुसऱ्या दोन गोष्टी बघ. पहिली म्हणजे एका पोस्टपासून दुसऱ्या पोस्टकडं जातानाची त्याची पावलं. क्रॉस हवेत असतानाच तो निघाला होता. हेडर बसल्यावर निघाला असता तर कुठल्याच झेपेनं पोचला नसता. दुसरी गोष्ट टप्प्याची. तिथल्या टणक मैदानावर बॉल किती उसळतो हे त्यानं सरावात हेरलं होतं, म्हणून हात बॉलच्या मागं न जाता बॉल वर येणार होता तिथं गेला. तूही मॅचच्या आधी दोन्ही गोलांपुढं बॉल आपटून बघ. ओलं गवत, सुकी माती, कृत्रिम टर्फ, प्रत्येकावर टप्पा वेगळा. वॉर्मअपमध्ये नुसते हात गरम करून परत येऊ नकोस.

आणि हेही लक्षात असू दे : ती मॅच इंग्लंड ०-१ हरलं, गोल त्याच जैरझिन्योनं केला. तरी सेव्हची किंमत कमी झाली नाही.

पुढं ये, पण हिशोब करून

फॉरवर्ड एकटी समोर आली की लाइनवर उभं राहायचं नाही, हे तुला माहीत आहे. कारणही समजून घे. ती ११ मीटरवर गोलाच्या मधोमध असेल आणि तू लाइनवर असशील, तर तुला ७.३२ मीटर सांभाळायचे आहेत. तू निम्म्या अंतरावर, म्हणजे साडेपाच मीटर पुढं आलीस, तर तेच ३.६६ मीटर होतात. जागा निम्मी झाली. पण वेळही निम्मा झाला. आता हातानं बॉल गाठायला सवड नाही. अंगच मोठं करावं लागतं. वर डोक्यावरून बॉल टाकायची वाटही मोकळी होते. म्हणून बॉल तिच्या पायापासून सुटला की पळ, आणि ती मारायला आली की थांब. उगाच आधी खाली पडू नकोस. गोली जितका वेळ उभा राहतो, तितका वेळ निर्णय फॉरवर्डला घ्यावा लागतो.

जोहान्सबर्ग, ११ जुलै २०१०, वर्ल्ड कपची फायनल. हॉलंडचा रॉबेन एकटा पुढं आला, स्पेनचा कासियास बाहेर आला. कासियासचं अंग एका बाजूला गेलं होतं, पण मागं राहिलेल्या उजव्या बुटाला लागून बॉल बाहेर गेला. पुढं जादा वेळेत इनिएस्ताच्या गोलवर स्पेन १-० जिंकलं. काही जण नशीब म्हणतात. मी म्हणणार नाही. तो पुढं आलाच नसता तर बॉलच्या वाटेत बूट आलाच नसता.

१८ डिसेंबर २०२२ ला लुसैलमध्ये वर्ल्ड कपच्या फायनलला अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्तिनेझनं हेच आणखी नीट केलं. अर्जेंटिना-फ्रान्स ३-३, जादा वेळेचेही शेवटचे क्षण. फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर. मार्तिनेझ पुढं आला, हात-पाय पसरले, आणि डाव्या पायानं फटका अडवला. नंतर पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२ जिंकलं. ती सेव्ह पायाची होती. पायानं सेव्ह केली म्हणून कमीपणा मानू नकोस.

धरायचा की घालवायचा, हे आधी ठरव

दोन्ही हातांत मावणारा बॉल धरावा. छातीच्या वरचा असेल तर अंगठे जवळ आणि पंजे बॉलच्या मागं. खालचा असेल तर करंगळ्या जवळ, आणि हातांच्या मागं गुडघा किंवा अंग. हात चुकले तरी अंग आडवं राहिलं पाहिजे.

धरता येणार नाही असं वाटलं तर अर्धवट धरू नकोस. घालव, आणि बाजूला घालव. गोलाच्या मधोमध परत आलेला बॉल म्हणजे समोरच्या फॉरवर्डला आयता पास. उंच आणि मागं जाणारा बॉल असेल तर वरच्या बाजूचा हात वापर, तो लांब पोचतो. बर्लिनला २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जादा वेळेत फ्रान्सच्या झिदानचा हेडर इटलीच्या बुफाँनं असाच एका हातानं बारवरून काढला.

उलट उदाहरण जर्मनीच्या ऑलिव्हर कानचं. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल त्यालाच मिळाला, म्हणजे गोली किती मोठा ते बघ. पण ३० जूनला योकोहामाच्या फायनलमध्ये रिव्हाल्दोचा फटका त्याच्या हातातून पुढं सुटला आणि रोनाल्दोनं तो आत घातला. ब्राझील २-० जिंकलं. फटका अडला होता. सेव्ह झाली नव्हती. या दोन्हींत फरक आहे.

पहिली सेव्ह झाली की लगेच ऊठ

काही सेव्ह जोडीनं येतात. वेम्बली, ५ मे १९७३, एफए कपची फायनल. सेकंड डिव्हिजनचं संडरलंड आणि समोर बलाढ्य लीड्स. लीड्सच्या ट्रेव्हर चेरीचा हेडर संडरलंडच्या जिम माँटगोमेरीनं अडवला, बॉल पीटर लोरिमरपुढं पडला. लोरिमरच्या किकमध्ये किती ताकद, ते सगळ्या इंग्लंडला माहीत होतं. माँटगोमेरी तोवर पुन्हा बॉलच्या आड आलेला. बॉल त्याला लागून बारवर आपटला. संडरलंड १-० जिंकलं.

२५ मे २००५, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगची फायनल. मिलान-लिव्हरपूल ३-३, जादा वेळ संपत आलेला. मिलानच्या शेवचेन्कोचा हेडर लिव्हरपूलच्या डुडेकनं अडवला, बॉल पुन्हा शेवचेन्कोकडंच. अगदी जवळून त्यानं मारला आणि डुडेकनं हात वर करून तोही बारवरून घालवला. नंतर लिव्हरपूलनं पेनल्टींवर कप जिंकला.

याचा सराव वेगळा करावा लागतो. झेप घे, पडल्यावर हातानं जमिनीला रेटा देऊन ऊठ, लगेच दुसरा बॉल. दम लागलेला असताना कर. सरावात बॉल अडवून जमिनीवर पडून राहायची सवय लागली, तर मॅचमध्येही पडूनच राहशील.

पेनल्टीला घाई करू नकोस

किक बसेपर्यंत तुझ्या एका पायाचा थोडा तरी भाग गोललाइनवर किंवा लाइनच्या सरळ रेषेत हवा, मागं असला तरी चालतो. आधी पुढं सरकलीस तर अडवलेली पेनल्टीही पुन्हा मारायला लागू शकते.

इस्रायली संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासून २००७ मध्ये एक गोष्ट मांडली. जवळपास २९ टक्के किक गोलाच्या मधल्या भागात आल्या होत्या, पण गोली मध्येच थांबले ते फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. उभं राहून गोल खाल्ला तर लोक नावं ठेवतील, ही भीती. तू लोकांसाठी उडी मारू नकोस.

अभ्यास कर. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये बर्लिनला अर्जेंटिनाविरुद्धच्या शूटआउटला जर्मनीच्या येन्स लेहमानच्या मोज्यात चिठ्ठी होती, कोण कुठं मारतो याची. त्यानं दोन अडवल्या. पण चिठ्ठीवर सगळ्यांची नावं नसतात. शेवटी मारणाऱ्याचा आधाराचा पाय आणि कंबर कुठं वळते, तेच बघावं लागतं.

आपल्या जवळचं बघायचं तर गोव्यातलं फातोर्डा. २० मार्च २०२२, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स १-१. हैदराबादकडून खेळणाऱ्या गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीनं शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या, हैदराबाद ३-१ जिंकलं. मॅचमध्ये एक गोल खाऊन झालेला गोली होता तो. खाल्लेला गोल तिथंच सोडून यायचं असतं, ते असं.

आणि इंग्लंडच्या मेरी इअर्प्सनं अडवलेली पेनल्टी तर तू पुन्हा पुन्हा बघ. सिडनी, २० ऑगस्ट २०२३, महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल, इंग्लंड एका गोलनं मागं. स्पेनच्या हेर्मोसोनं मारलेली पेनल्टी तिनं डावीकडं जाऊन अडवली आणि धरली. धरली, म्हणजे रिबाउंडचा प्रश्नच मिटला.

जी सेव्ह करावी लागत नाही, ती सगळ्यात भारी

३० जून २०१४ ला पोर्तो अलेग्रेमध्ये वर्ल्ड कपच्या मॅचला अल्जेरियाविरुद्ध जर्मनीचा मॅन्युएल नॉयर बॉक्सच्या बाहेर येऊन पुन्हा पुन्हा बॉल काढत होता. बचावाच्या मागं टाकलेला पास फॉरवर्डच्या आधी तोच गाठायचा. जर्मनी जादा वेळेत २-१ जिंकलं. त्यातला एखादा बॉल सोडला असता तर समोरासमोर फटका अडवायची वेळ आली असती.

म्हणून तोंड चालव. भिंत किती जणींची ते तू सांग, कॉर्नरला कोण कुणाला धरणार ते तू सांग, मागून कोणी धावत येत असेल तर नाव घेऊन ओरड. मोघम ओरडलीस तर कोणीच वळत नाही. बॉल कुठंही असो, तुझी पावलं त्याच्याबरोबर हलली पाहिजेत. हे टीव्हीवर दिसत नाही, पण क्लब तुला याचेच पैसे देणार आहे.

आणि कोलंबियाच्या हिगितासारखं करू नकोस. १९९५ मध्ये वेम्बलीवर त्यानं पुढं झेपावून दोन्ही टाचांनी, विंचवासारखा बॉल परतवला. मैत्रीपूर्ण मॅच, बॉल सरळ हातात येणारा. मजेदार होतं, मीही टाळ्या वाजवल्या. पण ती सेव्ह अवघड होती म्हणून आठवत नाही, त्यानं ती अवघड केली म्हणून आठवते. पगारी गोलीचं काम उलटं असतं. अवघड बॉल सोपा दिसला पाहिजे.

याची किंमत सगळ्यांना कळत नाही. बॅलन डी'ओर मिळालेला पुरुष गोली आजवर एकच, लेव्ह याशिन, १९६३ मध्ये. आपल्याकडं गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांना १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे मान मिळतो, पण उशिरा मिळतो. त्याच्यावर नजर ठेवून खेळू नकोस.

इथून पुढं कुठलीही सेव्ह बघितलीस, तुझी असो की दुसरीची, तर तीन प्रश्न विचार. किक बसली तेव्हा गोली स्थिर होता का? त्याच्या जागेमुळं मारणाऱ्यापुढचा गोल किती लहान झाला होता? आणि हाताला लागल्यावर बॉल कुठं गेला? तिन्ही उत्तरं चांगली असली तर सेव्ह भारी, मग ती झेप घेऊन केलेली असो की जागेवर उभं राहून. रोजच्या सरावात पहिला अर्धा तास पायांना दे, झेप त्यानंतर. आणि मॅचमध्ये बॉल अडवलास की आधी ऊठ, टाळ्या नंतर ऐक.