नवा दात बसवण्यापूर्वी

दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. तरुणपणी दात मजबूत असतात, पण गाठीला पैसा नसतो. उतारवयात चार पैसे जमतात, तोवर दात पडलेले असतात.

हल्ली एक नवी सोय झाली आहे. गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात नवा दात पक्का बसवता येतो. याला ‘इम्प्लांट’ म्हणतात. हे काम खर्चाचे आहे आणि वेळ खाणारे आहे. म्हणून त्याची माहिती आधी करून घ्यावी, मग पाऊल टाकावे.

दात गेल्याने काय होते?

“एक दाढ गेली तर काय बिघडते?” असे पुष्कळ जण म्हणतात. पण दाढ गेली की शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात. समोरचा दात त्या जागेत उतरू लागतो. दात नसलेले हाड हळूहळू झिजते. घास नीट चावला जात नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला उपाय कवळीचा. ती काढता-घालता येते आणि स्वस्त पडते. दुसरा उपाय ब्रिजचा, म्हणजे पुलाचा. त्यात शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने मधला दात बसवतात. तिसरा उपाय इम्प्लांटचा. त्यात शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही. तिन्ही उपाय चांगले आहेत. कवळी लावण्यात कमीपणा नाही. कोणाला काय योग्य, हे तोंड तपासल्यावर ठरते.

हा दात हाडात कसा टिकतो?

या दाताचे तीन भाग असतात. हाडात बसतो तो लहानसा स्क्रू. त्यावर एक जोड, आणि जोडावर दाताच्या आकाराची टोपी. स्क्रू टायटॅनियम नावाच्या धातूचा असतो.

हा शोध गमतीने लागला. स्वीडन देशात ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर होते. हाडात रक्त कसे वाहते, हे ते पाहत होते. १९५२ साली त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे एक लहान यंत्र बसवले. काम झाल्यावर ते काढू लागले, तर निघेना! हाड त्या धातूला घट्ट धरून बसले होते. पुढे १९६५ साली त्यांनी एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवून दात लावले. आता जगभर हे काम चालते.

शेताच्या कुंपणाचा खांब रोवला, की भोवतीची माती बसेपर्यंत आपण त्यावर भार टाकत नाही. तसेच येथे आहे. स्क्रू बसवण्याचे डॉक्टरचे काम तासाभराचे असते. त्याला धरण्याचे हाडाचे काम तीन ते सहा महिन्यांचे असते. आणि त्या हाडाला सांभाळण्याचे काम आपले असते. आपले काम चुकले, तर डॉक्टरच्या कामाला यश येत नाही.

आधीची तयारी

१. योग्य डॉक्टर शोधावा. बाजारात बसून तारेने किंवा मसाल्याने दात चिकटवणारे लोक असतात. त्यांच्या हाती तोंड देऊ नये. दातांचा डॉक्टर शिकलेला आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदलेला असावा. नोंदणीचा कागद दवाखान्यात पाहायला मिळतो. कन्हानहून नागपूर सुमारे वीस किलोमीटर आहे. तेथे मेडिकलला लागून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. ते १९६८ साली सुरू झाले. आधी तेथे तोंड दाखवून सल्ला घ्यावा.

२. तपासण्या कराव्यात. जबड्याचा फोटो काढतात. हाड किती जाड आहे आणि ओठाकडे जाणारी नस कोठून जाते, हे त्यात दिसते. रक्तही तपासतात. शुगरचा आजार असेल, तर मागच्या तीन महिन्यांत साखर कशी होती, हे सांगणारी तपासणी करावी. साखर वाढलेली असेल तर जखम भरत नाही. आधी साखर आटोक्यात आणावी, मग ऑपरेशन.

३. काही लपवू नये. बीपी, हृदयाचा आजार, पूर्वीचे ऑपरेशन, जबड्याला दिलेले शेक, सगळे सांगावे. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सांगावे, पण ती आपल्या मनाने बंद करू नये. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही जणांना गोळ्या किंवा इंजेक्शने देतात. तीही जरूर सांगावीत. एखादे औषध सोसत नसेल तर तेही सांगावे.

४. खर्रा, तंबाखू, बिडी सोडावी. याबद्दल पुढे वेगळे सांगितले आहे.

५. दात साफ करून घ्यावेत. हिरड्यांतून पू किंवा रक्त येत असेल, तर आधी तो इलाज करावा. साफ केल्याने दात हलतात, हा गैरसमज आहे. हिरडीचा रोग दात हलवतो.

६. पैशाचा हिशेब कागदावर घ्यावा. खाजगी दवाखान्यात एका दाताला वीस हजारांहून अधिक खर्च सहज येतो. स्क्रू, जोड, टोपी, फोटो आणि औषधे, सगळे धरून किती, हे आधी विचारावे. स्क्रू कोणत्या कंपनीचा, याचे कार्ड मागून जपून ठेवावे.

७. दिवस पाहून ठरवावा. रोवण्याच्या किंवा धानकापणीच्या दिवसांत ऑपरेशन ठेवू नये. खाणीत किंवा कारखान्यात पाळी असेल, तर दोन-तीन दिवसांची रजा आधीच टाकावी.

लोक काय विचारतात?

“गुरुजी, वरचा दात काढला की डोळे जातात म्हणतात. खरं आहे का जी?”
नाही. दाताने डोळा जात नाही. ही भीती मनातून काढून टाकावी.

“लय दुखते का जी?”
इंजेक्शन देताना टोचते. मग जागा बधिर होते. दाब कळतो, यंत्राचा आवाज येतो, पण दुखत नाही. दुखले तर हात वर करावा.

“खर्रा दोन दिवस बंद ठेवला तर चालन का?”
नाही चालणार. तंबाखूने रक्ताचा पुरवठा कमी होतो आणि हाड स्क्रूला धरत नाही. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होते. मग तोंड उघडत नाही, आणि यंत्र आत जात नाही. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहावे. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर नव्या दाताचा विचार बाजूला ठेवावा. आधी डॉक्टरला दाखवावे. तो कर्करोगाचा आरंभ असू शकतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खऱ्र्याची सवय सुटली नाही. ती आपणच सोडायची आहे.

“दात टिकते किती जी?”
नीट जपला तर पुष्कळ वर्षे. दहा वर्षांनंतर पाहिले, तर शंभरातले नव्वदांहून अधिक जागेवर असतात. बिडी-तंबाखूवाल्यांचे अधिक निकामी होतात.

ऑपरेशनच्या दिवशी

जागा बधिर करून काम होणार असेल, तर हलके जेवून जावे. रोजच्या गोळ्या डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. झोपेचे औषध देणार असतील, तर उपाशी राहण्याचा नियम विचारून पाळावा. सोबत घरचे माणूस न्यावे. स्वतः गाडी चालवत परत येऊ नये.

घरी आल्यावर

कापसाचा बोळा सांगितला तेवढा वेळ दाबून धरावा. ओठ बधिर असेपर्यंत काही चावू नये आणि गरम चहा पिऊ नये. ओठ चावला किंवा भाजला तरी कळत नाही. गालावर बाहेरून बर्फ दहा-दहा मिनिटे ठेवावा. जोराने थुंकू नये. खाण्यास ताक-भात, मऊ खिचडी, वरण. सगळे कोमट किंवा गार. भाकर आणि चणे काही दिवस दूर ठेवावेत. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हळू चुळा भराव्यात. गोळ्यांचा पूर्ण डोस घ्यावा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मग ओसरते. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. पण रक्त थांबत नसेल, तीन दिवसांनंतर सूज वाढत असेल, ताप किंवा पू आला, दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल, किंवा स्क्रू हलत असेल, तर वाट पाहू नये. लगेच डॉक्टरकडे जावे.

नवा दात किडत नाही, पण त्याच्या भोवतीची हिरडी सडू शकते. म्हणून रोज दोन वेळा ब्रश करावा आणि सहा महिन्यांनी दाखवून यावे.

लक्षात ठेवा

नवा दात विकत घेता येतो. त्याला धरणारे हाड विकत मिळत नाही. ते आपणच सांभाळावे लागते.

प्रश्न

१. इम्प्लांटचे तीन भाग कोणते?
२. हाडाला स्क्रू धरण्यास किती महिने लागतात?
३. डॉक्टरला कोणकोणत्या गोष्टी सांगाव्यात?
४. तुमच्या तोंडात तीन बोटे जातात का? आज घरी सर्वांचे पाहा.