लेकरास खावयास द्या

पाठ : मार्क ५ : २१-४३

याईराच्या घरी प्रभूने केलेला चमत्कार आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या वृत्तान्ताच्या अखेरच्या आज्ञेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बारा वर्षांची ती मुलगी उठून चालू लागली, पाहणारे थक्क झाले, आणि तिला काही खावयास द्यावे असे प्रभूने सांगितले. ज्याने मरणावर सत्ता चालविली त्याने ताट वाढण्याचे काम घरच्या माणसांवर सोपविले. जे आपल्या हातून होण्यासारखे आहे ते त्याने आपल्याच हाती ठेविले आहे, हा या पाठाचा बोध होय.

आता आपण आपल्या घरांकडे पाहू. तान्ह्यास जुलाब झाले की वडील माणसे म्हणतात, "पोटाला विसावा द्या, काही देऊ नका." कोणी दृष्ट काढावयास बसतात. हे ममतेनेच होते, तथापि त्यात लेकराचा घात आहे. जुलाबांनी अंगातले पाणी व क्षार निघून जातात. त्यावर उपास घडला म्हणजे शक्ती खचते, आणि खचलेल्या लेकरास पुढचे दुखणे लवकर गाठते.

म्हणून जुलाबांत अंगावर पाजणे थांबवू नये, अधिक वेळा पाजावे. सहा महिन्यांवरील लेकरास मऊ अन्न थोडे थोडे, वारंवार द्यावे. अंगणवाडीत अथवा आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते. एक लिटरची पुडी उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात सबंध घालून ढवळावी व चमच्याने पाजीत राहावे. २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. जस्ताच्या गोळ्या दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी सांगितलेले सर्व दिवस द्याव्या. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखर घातलेले पाणी तोंडाने पाजून पुष्कळांचे प्राण वाचविले. त्याच तत्त्वावर ही पुडी बनली आहे.

तथापि दुखण्यास तोंड देण्याचे बळ निरोगी दिवसांतच साठवावे लागते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे; पाणी, गुटी, मध काही नको. मध तर वर्षाच्या आत कधीही देऊ नये. सहा महिने पुरे झाले की एकट्या दुधाने भागत नाही, विशेषतः लोह कमी पडते. तेव्हा वरचे अन्न सुरू करावे, आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे.

पुष्कळ माता डाळीचे वरचे पाणी देतात. लेकराचे पोट लहान. पाण्याने ते भरते, परंतु अंगास काही लागत नाही. अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे. घोटलेली डाळभाताची खिचडी, तीवर थोडे तेल वा तूप, शिजविलेली पालेभाजी, नीट उकडलेले व कुस्करलेले अंडे, पिकलेले केळे, हे गरिबाच्या घरीही घडू शकते. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा व नवव्यापासून तीन-चार वेळा भरवावे. शेंगदाणे, फुटाणे अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात. साबणाने हात धुवावे, अन्न ताजे असावे, आणि बाटलीऐवजी वाटीचमचा वापरावा.

लेकरू पिईनासे झाले, सुस्त पडले, डोळे खोल गेले, सारखे ओकू लागले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी न थांबता त्याच वेळी दवाखाना गाठावा. पीत असेल तर वाटेतही घोट घोट पाजीत जावे.

उपदेशक बंधूंनो, आजारी लेकराच्या घरी आपण प्रार्थनेस जातो ते योग्यच आहे. परंतु आमेन म्हटल्यावर लगेच उठू नका. लेकराने आज काय खाल्ले, असे त्याच्या आईस व आजीस विचारा, आणि काही खाल्ले नसेल तर वाटी येईपर्यंत तेथेच बसा.