माळढोक पक्षी व आपले माळरान

माळढोक हा आपल्या कोरडवाहू मुलुखाचा जुना रहिवासी होय. घनदाट अरण्य, डोंगर वा तलाव यांची त्यास गरज नाही. कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवताचा मोकळा माळ, मधूनमधून बोरीची झुडपे व लगत ज्वारी, करडई, हरभरा यांची शेते असली म्हणजे त्याचे भागते. सोलापुराजवळील नान्नजचा माळ याच पक्ष्यामुळे देशभर माहीत झाला; परंतु अलीकडे तेथे एखादा माळढोक दिसला तरी ती बातमी होते. सबंध देशात त्याची संख्या आता सुमारे दीडशे मानतात, व त्यांतील बहुतेक राजस्थानात जेसलमेरच्या बाजूस आहेत. शेताच्या बांधाशी वावरणारा पक्षी असा नाहीसा व्हावा, हे प्रकरण वनखात्याइतकेच जमीनधारकांचेही आहे.

पक्षी मोठा विलक्षण आहे. नर सुमारे मीटरभर उंच असून त्याचे वजन १५ किलोपर्यंत भरते. इतका जड असून उडू शकणारे पक्षी जगात थोडेच. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. त्या आवाजावरून त्यास 'हूम' असेही म्हणतात. मादी घरटे बांधीत नाही. गवतात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, ते जवळजवळ महिनाभर एकटीच उबविते, व पिलू पुढे कित्येक महिने तिच्या मागे फिरते. कोंबडीच्या हिशोबाने विचार करणाऱ्यांस या पक्ष्याचे नुकसान किती सावकाश भरून निघते हे उमजणार नाही. एक अंडे गुरांच्या खुराखाली गेले वा कुत्र्याने खाल्ले, की त्या मादीचा हंगाम वाया जाण्याचाच संभव फार. तो हरभऱ्याचे चार दाणे खातो हे खरे. पण नाकतोडे, भुंगेरे व सरडे हेही त्याचे नित्याचे खाद्य आहे.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे उडताना समोरचे नीट दिसत नाही, व अंग जड असल्यामुळे आयत्या वेळी वळता येत नाही. म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. राजस्थानात आज त्याचा मोठा शत्रू शिकारी नसून या तारा आहेत. तेथे २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचे काम सुरू आहे; पण वाढविलेला पक्षी सोडण्यास माळ तर हवा!

आता आपल्याकडील हकीकत. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (हल्लीचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावेच्या गावे व खातेदारांच्या खासगी जमिनी आल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणे अभयारण्यातील जमिनीत वारसाहक्काखेरीज नवा हक्क उत्पन्न होत नाही. बापाची जमीन मुलाच्या नावे लागेल, पण खरेदीखताने तिऱ्हाइताच्या नावे लागणार नाही, असा याचा अर्थ. महसुली दप्तरात आमची हयात गेली असल्यामुळे फेरफाराची नोंद अडली म्हणजे खातेदाराच्या जिवाची कशी घालमेल होते, हे आम्ही जाणतो. अशा माणसास माळढोक देखणा वाटावा, ही अपेक्षाच चुकीची. पुढे २०१२ च्या सुमारास क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. आमच्या मते, जो आकडा ३३ वर्षांनी मान्य झाला तो आरंभीच गावकऱ्यांस विचारून ठरविला असता, तर पक्ष्याचे वैरी तरी वाढले नसते. त्यातच काळवीट पिकांची नासाडी करतात, आणि तो राग लोक माळढोकावर काढतात. काळविटाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे अर्ज करून मागता येते. हे दोन हिशोब एकत्र करू नयेत.

दुसरे कारण कागदावरचेच आहे. ज्या जमिनीत पीक नाही ती पडीक वा पोटखराबा, अशी आपली जुनी रीत. हा आकारणीपुरता शब्द. परंतु त्यामुळे माळ निरुपयोगी, असे सर्वांच्याच मनाने घेतले. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, पाणी आले, ऊस आला, माळ फुटले. शेतकऱ्याने पाण्याचा लाभ घेतला यात दोष नाही. उरलेल्या माळांवर कोठे कोठे झाडे लावण्यात आली. वृक्षारोपण पुण्याचे खरे, पण गवताळ माळावर दाट झाडी म्हणजे माळढोकास घरातून हुसकणेच होय. त्यास चहूकडे दूरवर दिसले पाहिजे. गवत गेले की मेंढपाळाची चराई व आपल्या बैलांची वैरणही गेली.

तेव्हा ज्या गावांत गायरान शिल्लक आहे, त्यांनी त्याचा एक तुकडा पावसाळाभर चराईस बंद ठेवावा व गवत दिवाळीनंतर कापावे. पक्ष्याची वीण आपल्या भागात बहुधा पावसाळ्यातच होत असल्यामुळे अंडे व पिलू दोन्ही निभावतात, आणि वैरणही पदरात पडते. माळाशेजारच्या पिकांवर जहाल कीटकनाशक मारू नये, कारण मेलेले नाकतोडे पक्षी खातो. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त ग्रामपंचायतीने करावा. गवतात मोठे अंडे आढळल्यास त्यास हात न लावता, भोवती न घोटाळता, आल्या वाटेने परतावे व वनरक्षकास कळवावे. अंडे पाहण्यास गावची मुले घेऊन जाणे तर कटाक्षाने टाळावे.